आपलं तेल आपण शोधू : केशवदेव मालवीय

आपल्या जालना जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही. रिफायनरी तर दूरच. पण कडवंचीच्या शिवारात एकदा चक्कर मारून या. द्राक्षबागांच्या मधोमध शेततळी दिसतील आणि प्रत्येक शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो कागद पेट्रोलियमचा. मोसंबीच्या बागेतली ठिबकची नळी पेट्रोलियमची. घरी बाबा कपाशीला टाकतात तो युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. आणि आपल्याकडच्या अनेक पंपांवर डिझेलचे टँकर येतात ते मनमाडजवळच्या पानेवाडीहून, जिथे मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने तेल पोहोचतं.

म्हणजे आपल्या गावापर्यंत तेल आलंय, फक्त ते कुठून आणि कसं आलं हे आपल्याला माहीत नसतं. केमिकलच्या पोरांना डिस्टिलेशन कॉलमच्या प्लेट्स मोजता येतात, पण देशातल्या पहिल्या सरकारी रिफायनऱ्या कुणाच्या आग्रहामुळे उभ्या राहिल्या असं व्हायवाला विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. (मीही बघितलं होतं, म्हणूनच हा लेख.) त्या माणसाचं नाव केशवदेव मालवीय.

मालवीयजींचा जन्म १९०४ सालचा, उत्तर प्रदेशातला. कानपूरला १९२१ मध्ये एक तांत्रिक संस्था सुरू झाली, ती पुढे हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. मालवीयजी तिथे तेल तंत्रज्ञान शिकले. आता गंमत बघा, त्या काळात तिथलं तेल म्हणजे खनिज तेल नव्हे. सरकी, एरंडी, जवस यांचं तेल, साबण, रंग असा तो विषय. जालन्यासारख्या सरकीच्या गावात शोभला असता! पण पिंपातलं तेल कुठलंही असो, ते शुद्ध करायचं, त्यातले घटक वेगळे करायचे आणि त्यातून नवा माल बनवायचा हे गणित त्यांना तिथे कळलं. पुढे ज्या नेत्यांमध्ये ते वावरले त्यातले बरेचसे वकील होते. प्रयोगशाळेत हात काळे केलेला माणूस त्यांच्यात विरळा.

शिक्षण झालं तरी नोकरीच्या मागे ते लागले नाहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगवास भोगला, उत्तर प्रदेशच्या काँग्रेसमध्ये काम करत राहिले. स्वातंत्र्यानंतर लोकसभेत आले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन या खात्याचे उपमंत्री झाले. खात्याचे मुख्य मंत्री होते मौलाना आझाद, ज्यांच्याकडे शिक्षणखातंही होतं. त्यामुळे जमिनीखाली काय दडलंय या प्रश्नाचा रोजचा कारभार बराचसा मालवीयजींकडे आला.

त्या वेळची परिस्थिती काय होती? आसाममध्ये दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागलं होतं आणि १९०१ मध्ये तिथे रिफायनरी सुरू झाली होती. १९५३ मध्ये आसाममध्येच नाहरकटिया इथे आणखी तेल सापडलं. पण हे सगळं ब्रिटिश कंपनीच्या हातात. बाकी देशात फारसं तेल नाही असं परदेशी तेल कंपन्यांचं म्हणणं होतं. बंगालमध्ये एका अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारीत शोध सुरू होता, पण तिथल्या विहिरी कोरड्याच निघाल्या.

शुद्धीकरणाचं म्हणाल तर सरकारने १९५१ पासून तीन परदेशी कंपन्यांशी करार केले होते. त्यातून मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली. १९५७ मध्ये विशाखापट्टणमला कॅल्टेक्सची आली. भांडवल त्यांचं, तंत्रज्ञान त्यांचं, कच्चं तेल कुठून आणायचं हे ठरवणारेही तेच. शिवाय २५ वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही अशी हमी सरकारने दिलेली.

किमतीची तर वेगळीच तऱ्हा होती. ट्रॉम्बेला तयार झालेल्या रॉकेलची किंमत अशी लावली जायची, की जणू ते इराणच्या आखातातून जहाजाने आलंय. म्हणजे आखातातला भाव, त्यावर जहाजाचं भाडं, त्यावर विमा. तयार माल मात्र चेंबूरच्या पलीकडून यायचा! आपल्या भाषेत सांगायचं तर समजा मेसची पोळी हॉस्टेलच्याच स्वयंपाकघरात लाटली, पण बिलात छत्रपती संभाजीनगरहून रिक्षाने आणल्याचं भाडं लावलं, तर आपण कसे भडकू? देश मात्र भडकू शकत नव्हता. कारण पोळी लाटायला येणारे तेवढेच होते. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्यासारखी गत. काटाही व्यापाऱ्याचा, भावही व्यापाऱ्याचा.

मालवीयजींना ही गोष्ट नेमकी कळली होती. नुसतं भांडून भाव कमी होत नसतो. आपल्याला स्वतः तेल शोधता आलं पाहिजे, काढता आलं पाहिजे, शुद्ध करता आलं पाहिजे, विकता आलं पाहिजे. मग समोरचा आपोआप नीट बोलतो. पुढची आठ वर्षं त्यांनी हेच केलं.

१९५५ मध्ये सरकारच्या भूगर्भशास्त्र सर्वेक्षण खात्यात तेल आणि वायूसाठी वेगळं संचालनालय उघडलं गेलं. मालवीयजी शिष्टमंडळ घेऊन युरोपातल्या देशांत गेले, तिथले तेलउद्योग बघून आले. त्यानंतर सोव्हिएत रशिया, रुमानिया, अमेरिका, पश्चिम जर्मनी इथले तज्ज्ञ भारतात आले. रशियन तज्ज्ञांनी दिलेला अहवाल आशादायक होता. १९५६ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणात खनिज तेलाचा पुढचा विकास सरकारच्या हाती ठेवला गेला आणि १४ ऑगस्ट १९५६ रोजी तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. हीच आजची ओएनजीसी. कचेरी डेहराडूनला. १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला स्वतंत्र दर्जा मिळाला.

कागदावर आयोग तयार झाला खरा, पण माणसं? तेलाची विहीर खोदणं हे काम आपल्या बोअरवेलसारखं नसतं. हजारो फूट खाली जायचं, वायूचा दाब सांभाळायचा, चिखलाचं मिश्रण सतत फिरवत ठेवायचं, जरा चूक झाली तर विहीर पेटते. हे करणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून तरुण भूशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर भरती केले गेले, अनेकांना परदेशात प्रशिक्षणाला पाठवलं गेलं, उरलेले रशियन आणि रुमानियन तंत्रज्ञांच्या हाताखाली रिगवरच शिकले. आपण ज्याला इनप्लांट ट्रेनिंग म्हणतो ना, तेच, पण आपल्यासारखं सर्टिफिकेटपुरतं नाही.

१९५७ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी ज्वालामुखी इथे पहिली विहीर खोदायला घेतली. वायूचा माग लागला, पण व्यापारी उपयोगाचं तेल मिळालं नाही. टीकाकारांना विषयच मिळाला. गरीब देशाने कोट्यवधी रुपये जमिनीत का घालायचे, हा प्रश्न संसदेत आणि वर्तमानपत्रांत विचारला जात होता, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. शाळा, धरणं, रस्ते सगळंच करायचं होतं. मालवीयजींकडे तेव्हा दाखवायला आशेशिवाय काहीच नव्हतं.

मग सप्टेंबर १९५८ आला. गुजरातमध्ये खंबायतजवळ लुणेज इथे तेल लागलं. गुजरात तेव्हा वेगळं राज्यही नव्हतं. आपण सगळे एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, मराठवाडासुद्धा! त्या अर्थाने लुणेजचं तेल आपल्याच राज्यात सापडलं होतं. देशभर आनंद झाला. जरा जास्तच झाला, कारण खंबायतचं क्षेत्र पुढे तेलापेक्षा वायूसाठी अधिक कामाला आलं. पण १९६० मध्ये अंकलेश्वरला खरोखर मोठा साठा सापडला. तिथल्या पहिल्या विहिरीचं नाव नेहरूंनी वसुधारा ठेवलं. बाकी देशात तेल नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

आता शुद्धीकरण आणि विक्री. १९५८ मध्ये इंडियन रिफायनरीज आणि १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी अशा दोन सरकारी कंपन्या निघाल्या. एकीने रिफायनऱ्या बांधायच्या, दुसरीने माल विकायचा. १९६४ मध्ये त्या एकत्र होऊन आजचं इंडियन ऑइल कॉर्पोरेशन झालं.

याच सुमारास, १९६० मध्ये, खरी कुस्ती लागली. सोव्हिएत रशियाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयांत. डॉलर आणि पौंडांची चणचण असलेल्या देशाला आणखी काय पाहिजे? मालवीयजींनी परदेशी कंपन्यांना विचारलं, की हे तेल तुमच्या रिफायनरीत शुद्ध करून द्याल का. कंपन्यांनी नकार दिला. करारानुसार तेल कुठलं वापरायचं हा हक्क त्यांचा होता. म्हणजे स्वस्त तेल दारात उभं, पण घरात घ्यायला भांडंच नाही.

मालवीयजींनी वेगळी वाट काढली. कच्चं तेल नको तर तयार डिझेल आणि रॉकेलच घेऊ. ऑगस्ट १९६० मध्ये रशियन डिझेल घेऊन पहिलं जहाज मुंबईच्या पीर पाऊ जेट्टीला लागलं. दोन परदेशी रिफायनऱ्यांच्या अगदी शेजारी. नवख्या इंडियन ऑइलकडे त्या वेळी साठवायच्या टाक्या आणि पंप किती असणार? पण एक गोष्ट सिद्ध झाली, की देशाला दुसरा दुकानदार मिळालाय. परदेशी कंपन्यांनी कच्च्या तेलाच्या भावात सूट द्यायला सुरुवात केली. किमतींचा हिशेब तपासायला सरकारने दामले समिती नेमली आणि १९६१ च्या तिच्या अहवालानंतर दर काहीसे खालीही आले. जे वाटाघाटींत झालं नव्हतं ते एका जहाजाने केलं.

१ जानेवारी १९६२ रोजी गुवाहाटीजवळ नूनमाटी इथे पहिली सरकारी रिफायनरी सुरू झाली, रुमानियाच्या मदतीने. क्षमता वर्षाला साडेसात लाख टन. आजच्या मानाने ही रिफायनरी म्हणजे खेळणंच. पण चालवणारे हात आपले होते. बिहारमधल्या बरौनीला आणि गुजरातमधल्या कोयलीला रशियाच्या मदतीने दोन मोठ्या रिफायनऱ्यांचं काम चालू झालं. समुद्रातल्या शोधाचाही विचार सुरू झाला होता.

आणि नेमकं इथेच मालवीयजींचं आयुष्य घसरलं. हा भाग गाळून लेख लिहिला असता तर तो जास्त प्रेरणादायी वाटला असता, पण खोटा झाला असता. ओरिसातल्या सिराजुद्दीन नावाच्या खाणमालकाच्या फर्मच्या कागदपत्रांत मालवीयजींचं नाव निघालं. निवडणुकीच्या खर्चासाठी त्यांनी त्या फर्मकडून दहा हजार रुपये मिळवून दिले होते. पैसा स्वतःच्या खिशात घातला असं नव्हे, पक्षाच्या उमेदवारासाठी घेतला होता. पण ते खाणखात्याचे मंत्री आणि देणारा खाणमालक! सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांनी चौकशी केली. अहवाल प्रसिद्ध झाला नाही, पण १९६३ मध्ये मालवीयजींना राजीनामा द्यावा लागला. परदेशी तेल कंपन्यांना दुखावल्यामुळे त्यांचा काटा काढला गेला असं त्यांचे समर्थक म्हणत राहिले. ते खरं असो नसो, दहा हजारांची गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. ज्या माणसाने कंपन्यांचा हिशेब मागितला, त्याचा स्वतःचा हिशेब त्याहून स्वच्छ असायला हवा होता.

बरौनी आणि कोयलीच्या रिफायनऱ्या १९६४-६५ मध्ये सुरू झाल्या तेव्हा ते मंत्री नव्हते. पण त्यांनी पेरलेलं उगवत राहिलं. कोयलीच्या शेजारी वडोदऱ्याला १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. रिफायनरीत नाफ्था निघतो, तो भट्टीत फोडला की इथिलीन मिळतं, आणि इथिलीनच्या साखळ्या जोडल्या की पॉलिथिन. तोच आपला शेततळ्याचा कागद. महाराष्ट्रात खासगी कंपन्यांनी हा रस्ता थोडा आधी धरला होता. ट्रॉम्बेला १९६६ मध्ये युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ मध्ये नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला होता.

समुद्रातही काम चालू होतं. साठच्या दशकाच्या मध्यात अकॅडेमिक अर्खांगेल्स्की या रशियन जहाजातून भारतीय आणि रशियन पथकांनी खंबायतच्या आखातात आणि मुंबईपासून दूर समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केलं. तळाखाली एक प्रचंड फुगवटा दिसला. तो खोदायला लागणारी सागर सम्राट ही रिग जपानमध्ये बांधून १९७३ मध्ये भारतात आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. देशाची तिजोरी हादरली. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राटला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. बॉम्बे हाय! श्रेय अनेकांचं आहे. शोध लागला त्या दिवशी मालवीयजी तेलमंत्री नव्हते. पण विहीर खोदणारा आयोग त्यांनीच उभा केला होता.

ऑक्टोबर १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा पेट्रोलियम खातं दिलं. वय ७० वर्षं. आपल्याकडे या वयात माणूस पारावर बसून मागच्या पिढीच्या गोष्टी सांगतो. मालवीयजींच्या कारकिर्दीत २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं, म्हणजे शोध लागल्यापासून सव्वादोन वर्षांत. सुरुवातीला तेल जहाजाने किनाऱ्यावर यायचं, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्रातून पाइपलाइन टाकली गेली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा शेलची मालकी सरकारकडे आली, तीच पुढे भारत पेट्रोलियम. एसो म्हणजे जुनी स्टॅनव्हॅक, ती १९७४ मध्येच हिंदुस्थान पेट्रोलियम झाली होती. १९५१ च्या करारात दिलेली २५ वर्षांची हमी कशी संपली बघा. यातला बराचसा काळ आणीबाणीचा होता, ज्या सरकारात ते होते त्यानेच ती लादली होती, हेही विसरता येत नाही. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला आणि त्यांचं मंत्रिपद गेलं. २७ मे १९८१ रोजी मालवीयजी वारले. डेहराडूनच्या ओएनजीसीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलेलं आहे.

आता त्यांच्या कामाचा ताळेबंद मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतील. जमेच्या बाजूला बघा. बॉम्बे हायच्या वायूवर अलिबागजवळ थळला आरसीएफचा खतकारखाना आला आणि नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त कच्चं तेल देशातच निघत होतं. आज देशाची शुद्धीकरणाची क्षमता वर्षाला २५ कोटी टनांहून अधिक आहे आणि आपण पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो. नूनमाटीच्या साडेसात लाख टनांपासून इथपर्यंत!

दुसरी बाजूही तेवढीच खरी. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आज बाहेरूनच आणतो. शुद्ध करायला शिकलो, पण नवा बॉम्बे हाय पुन्हा सापडला नाही, आणि गाड्या मात्र वाढतच गेल्या. सरकारी कंपन्यांत ढिलाई आली, खासगी कंपन्यांनी १९९९ मध्ये जामनगरसारखी महाकाय रिफायनरी उभी करून दाखवली. आणि आता प्रश्न फक्त तंत्रज्ञानाचा राहिला नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ६ कोटी टनांच्या रिफायनरीचा प्रस्ताव आला. नाणारच्या लोकांनी विरोध केला, २०१९ मध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. नंतर बारसूची जागा पुढे आली, तिथे २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळीच आंदोलन पेटलं. आंब्याची बाग आणि मासेमारी यांची किंमत कोण ठरवणार, हा त्या लोकांचा सवाल आहे. नीट पाहिलं तर मालवीयजींनी १९६० मध्ये कंपन्यांना विचारलेलाच हा प्रश्न आहे. काटा कुणाचा आणि भाव कुणी लावायचा? फक्त या वेळी तो गावकरी विचारताहेत, आणि उत्तर द्यायची पाळी आपल्यासारख्या उद्याच्या इंजिनिअर लोकांची आहे.

आपल्या जालन्याला लोक जुन्या काळापासून सोन्याचा पाळणा म्हणतात. बियाणं आणि स्टील यांनी गावाचं नाव केलं. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्रही इथे आहे. ज्या गावात तेलाचा थेंब नाही तिथे तेल आणि रसायनं शिकायची सोय झाली. हे मालवीयजींना आवडलं असतं असं मला वाटतं. कारण त्यांनी सुरुवात केली तेव्हा देशाकडेही तेल नव्हतंच. काही तरुण पोरं होती आणि ती शिकायला तयार होती.

पुढच्या वेळी गावाकडे गेलात की शेततळ्याच्या काठावर थोडं थांबा. त्या काळ्या कागदाचा इतिहास बाबांना सांगा. आणि त्यांनी विचारलंच, की एवढं सगळं आपल्या देशात होतं तर कागद अजून एवढा महाग का, तर गडबडून जाऊ नका. प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधायला आपल्याकडे अजून दोन सेमिस्टर शिल्लक आहेत.